कायदा बदलेपर्यंत थांबायचं, की जागा आत्ताच धरायची? इंग्लंडमधल्या लग्नाबद्दल

नाशिकच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी वर्क व्हिसावर रेडिंगला नोकरी करते. होणारा जावई इंग्रज आहे, त्याच्या आईवडिलांची समरसेटमध्ये शेती आणि सफरचंदाची बाग आहे. दोघांना पुढच्या उन्हाळ्यात त्या बागेतच लग्न करायचंय, मराठी पद्धतीचं, होमासकट. पण बागेतलं लग्न कायदेशीर धरत नाहीत असं कळल्यावर घरात तीन मतं झाली. मुलगी म्हणते, कायदा बदलणार आहे, वर्षभर थांबू. जावई म्हणतो, स्कॉटलंडला जाऊ. आणि काकांचं म्हणणं, एवढी भानगड कशाला, गोव्यात बीचवर करून टाका.

मी इंग्लंडमध्ये राहून भारतीय कुटुंबांच्या लग्नांचं आयोजन करते. माझं सरळ उत्तर: थांबू नका. बागेतच लग्न करा, फक्त कायद्याचं लग्न त्याआधी काही दिवस रजिस्टर ऑफिसात, म्हणजे सरकारी विवाह नोंदणी कार्यालयात, उरकून घ्या. असं का म्हणते ते जरा सविस्तर सांगते, कारण कायदा बदलला तर तुमच्या कुठल्या अडचणी सुटतील आणि कुठल्या तशाच राहतील हे कळल्याशिवाय जागेवर पैसे लावू नयेत.

आपल्याला हा सगळा प्रकार विचित्र वाटतो, कारण आपल्याकडे कायदा जागेकडे बघतच नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ विधींबद्दल बोलतं. जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हेच पुन्हा ठणकावून सांगितलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही. पण ते विधी मंगल कार्यालयात झाले, वाड्यात झाले की शेतात मांडव घालून झाले, याचं कायद्याला सोयरसुतक नाही. महाराष्ट्रात लग्नाची नोंदणी करायची असते, तीही लग्न झाल्यानंतर.

इंग्लंड-वेल्समध्ये बरोबर उलटं आहे. तिथे कायद्याने लग्न इमारतीला बांधून ठेवलंय, आणि त्यामागे जुना इतिहास आहे. अठराव्या शतकात लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास चोरून लग्न लावून देणाऱ्यांचा धंदा जोरात होता. तो मोडायला १७५३ चा कायदा आला: लग्न चर्चमध्येच, जाहीर सूचना देऊन, अल्पवयीन असाल तर आईवडिलांची संमती हवी. ज्यू आणि क्वेकर हा ख्रिस्ती पंथ तेवढे वगळले. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. मग पळून जाणारी जोडपी सीमा ओलांडून पहिलंच गाव गाठायची, ग्रेट्ना ग्रीन. तिथे लोहाराच्या ऐरणीसमोर दोन साक्षीदारांदेखत लग्न लागायचं. कायद्याची एक ओळ बदलली आणि एका खेड्याला पिढ्यानपिढ्यांचा धंदा मिळाला; आजही लोक तिथे हौसेने लग्न करायला जातात. पुढे १८५६ मध्ये स्कॉटलंडमध्ये एकवीस दिवसांच्या वास्तव्याची अट आली तेव्हा हा ओघ आटला. कायदा बदलला की लग्नाच्या जागा बदलतात, हे त्या देशात नवं नाही.

१८३६ मध्ये रजिस्टर ऑफिसं आली आणि चर्चबाहेरची प्रार्थनास्थळंही नोंदवता येऊ लागली. सध्याचा मूळ कायदा १९४९ चा. तुमच्या-आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल मात्र १९९४ च्या कायद्याने झाला. १९९५ पासून हॉटेलं, जुने राजवाडे, बँक्वेट हॉल यांना नागरी (धर्मविधीशिवाय, रजिस्ट्रारसमोरच्या) विवाहासाठी परवाना मिळू लागला. बघता बघता बहुसंख्य नागरी विवाह रजिस्टर ऑफिसातून उठून या ‘मान्यताप्राप्त जागां’त गेले. आज ‘इंग्लिश कंट्री वेडिंग’ म्हणून जे फोटो आपण बघतो ते या एका तरतुदीचं अपत्य आहे.

पण परवाना इमारतीला. २०२१ पर्यंत तर अशी गंमत होती की हॉटेलच्या बागेत लग्न करायचं तर पक्कं छप्पर असलेलं, जागचं न हलणारं बांधकाम लागायचं. म्हणून जिकडे तिकडे बागेत लाकडी गझिबो उभे राहिले. नवरानवरी आणि रजिस्ट्रार छपराखाली, पाहुणे पावसात. कोविडच्या काळात, जुलै २०२१ मध्ये, परवाना असलेल्या जागेच्या आवारात उघड्यावर नागरी विवाह करायला परवानगी मिळाली आणि २०२२ मध्ये ती कायम झाली. देवळाच्या अंगणाला ती सवलत मिळाली नाही, आणि परवाना नसलेल्या बागेला तर नाहीच.

जावयाच्या घरच्या बागेला एका दिवसापुरता परवाना काढता येईल का, असा तुमचा पुढचा प्रश्न असणार. नाही. ती जागा लोकांना नेहमी भाड्याने उपलब्ध असली पाहिजे, अशी अट आहे. म्हणजे व्याह्यांनी लग्नाचा व्यवसायच सुरू केला तर गोष्ट वेगळी, एरवी खासगी घर त्यात बसत नाही. शिवाय तिथे परवान्याला योग्य अशी इमारतही हवी. नुसता तंबू चालत नाही.

यात आपल्या लोकांची दुहेरी कोंडी होते. नागरी विवाहात धार्मिक काही चालत नाही. गणपतीची मूर्ती ठेवलेल्या, होमकुंड मांडलेल्या मंडपात रजिस्ट्रार सहसा विवाह लावायला तयार होत नाहीत, बाजूची खोली मागतात. धार्मिक विवाह कायदेशीर हवा तर तो विवाहासाठी नोंदवलेल्या देवळात व्हायला हवा, तिथे अधिकृत व्यक्ती किंवा रजिस्ट्रार हजर हवा आणि ठराविक इंग्रजी वाक्यं दोघांनी उच्चारायला हवीत. अशी नोंदणी असलेली देवळं आहेत, पण सगळ्याच देवळांकडे ती नाही. म्हणून हॉटेलात लग्न असेल तर दिवसाचा क्रम असा लागतो: सकाळी अकराला शेजारच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून रजिस्ट्रारसमोर वीस-पंचवीस मिनिटांचा विवाह, मग नवरी धावत जाऊन शालू नेसणार, मग अंतरपाट. रजिस्ट्रारला दुपारी दुसरीकडे लग्न असतं. मामा नवरीला घेऊन यायला उशीर झाला तर गुरुजी सांभाळून घेतात, आणखी एक मंगलाष्टक म्हणतात. रजिस्ट्रार घड्याळाकडे बघतात, आणि फार उशीर झाला तर निघून जातात. त्यांचं चुकतंही नाही.

आता बदलाकडे येते. तिथल्या लॉ कमिशनने, म्हणजे कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या संस्थेने, जुलै २०२२ मध्ये मोठा अहवाल दिला. गाभा एकच: कायद्याने जागेवर नियंत्रण ठेवायचं सोडून लग्न लावणाऱ्या व्यक्तीवर ठेवावं. अधिकृत व्यक्ती हजर असेल आणि तिच्या मते जागा सुरक्षित व प्रसंगाला शोभणारी असेल, तर लग्न बागेत, घरात, समुद्रकिनारी, कुठेही. धार्मिक संस्थांनी आपल्या लग्न लावणाऱ्यांची नावं द्यायची. नागरी विवाहातही थोडंफार धार्मिक असू शकेल, फक्त तो नागरी विवाह आहे हे स्पष्ट राहिलं पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने या दिशेने सुधारणा करायचं जाहीर केलं, पण आधी लोकांची मतं मागवू असं सांगून. ही घोषणा आहे, कायदा नाही. मतं मागवणार, मग विधेयक, मग दोन्ही सभागृहं, मग नियम, मग लग्न लावणाऱ्यांची नेमणूक आणि प्रशिक्षण. अहवालापासून घोषणेपर्यंतच तीन वर्षं गेली. तुमच्या मुलीने पुढचा उन्हाळा या भरवशावर सोडू नये असं मला वाटतं ते यासाठी.

समजा, कायदा झाला. मग कुठल्या जागा चालतील? माझा अंदाज सांगते, हा व्यवसाय आतून बघितल्यावरचा आहे. मोठी हॉटेलं फारशी हलणार नाहीत. ती परवाना विकतच नाहीत. ती जेवण, खोल्या आणि पावसात डोक्यावर छप्पर विकतात. त्यामुळे भाव उतरतील या आशेवर कुणी राहू नये. खरा फायदा मधल्या जागांना: गावातले कम्युनिटी हॉल, मंडळांच्या वास्तू, शेतं, घरामागची अंगणं, आणि ज्या देवळांनी किचकटपणामुळे विवाहासाठी नोंदणीच केली नाही ती. आज आपले लोक मध्यम हॉटेल घेतात ते पुष्कळदा ‘रजिस्ट्रार तिथेच येतो’ एवढ्या सोयीसाठी. ती सोय कुठेही मिळू लागली की या मध्यम हॉटेलांना गिऱ्हाईक टिकवायला काहीतरी वेगळं द्यावं लागेल.

एक गोष्ट मला खटकते, तीही सांगून ठेवते. नव्या पद्धतीत गुरुजी हेच कायद्याने लग्न लावणारे होऊ शकतील, ही फार चांगली गोष्ट आहे. पण मग जागा सुरक्षित आहे की नाही हे त्यांनी ठरवायचं. आपल्याकडे गुरुजींना यजमान बोलावतो, दक्षिणा यजमान देतो. तंबूला धोका आहे, इथे होम नको, असं भर मंडपात मुलीच्या वडिलांना सांगणारे गुरुजी मला बोटावर मोजण्याइतकेच भेटलेत. प्रशिक्षणात यावर भर दिला नाही तर कागदावरची सुरक्षितता कागदावरच राहील.

आणि जे प्रश्न कायदा सोडवणार नाही, ते तुमच्या समरसेटच्या बागेत आजही आहेत आणि उद्याही राहतील. शेतजमीन तात्पुरती दुसऱ्या कामाला वापरायला साधारणपणे वर्षाला २८ दिवसांची मुभा असते, पण मांडव घालण्याचे आणि काढण्याचे दिवसही त्यात धरले जातात. कौन्सिलला आधी विचारून घ्या. दारू विकणार असाल तर तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस कामाचे किमान दहा दिवस आधी द्यायची, आणि तिथे एका वेळी ४९९ च्या वर माणसं चालत नाहीत, त्यात वाढपी आणि वाजंत्रीही आले. नाशिकहून किती जण येणार हे नक्की करा. शेजारच्या शेतावर घोडे असतील तर ढोल-ताशाबद्दल आधीच जाऊन बोला. चिखलात गाड्या रुततात, जुलैतही. लोखंडी पट्ट्यांचा रस्ता भाड्याने मिळतो. फिरती स्वच्छतागृहं, जनरेटर, पिण्याचं पाणी, आजीला चाकाच्या खुर्चीतून गवतावरून कसं न्यायचं, या सगळ्याचा हिशेब मांडला की ‘फुकटची’ बाग पुष्कळदा हॉटेलच्या बरोबरीने जाते. तरी बागच घ्या, मुलांची हौस आहे. फक्त स्वस्त पडेल म्हणून घेऊ नका.

होमाबाबत मात्र बाग हॉटेलपेक्षा कितीतरी सोपी. हॉटेलात धुराचा अलार्म त्या हॉलपुरता बंद करायला माणूस लागतो, त्याचे वेगळे पैसे. छत बुटकं असेल तर परवानगीच नाही. कुंड एवढंच, समिधा एवढ्याच, तूप चमच्याने. लाजाहोमाला भाऊ लाह्या ओततो आणि मागे फायर मार्शल बादली घेऊन उभा, असे फोटो माझ्याकडे ढिगाने आहेत. बागेत होम तंबूबाहेर मोकळ्यावर मांडा, खाली वाळूचा जाड थर, वारा येतो त्या बाजूला आडोसा, पाण्याच्या बादल्या हाताशी. तंबूवाल्याच्या विम्यात उघड्या ज्योतीबद्दल काय लिहिलंय ते करारापूर्वी वाचा. बहुतेक जण ते लग्नाच्या आठवड्यात वाचतात.

मुहूर्ताचंही एक आहे. इंग्लंडमधला लग्नाचा हंगाम मे ते सप्टेंबर. आपला आषाढी एकादशीनंतर चातुर्मास लागतो. म्हणजे तिथली उत्तम हवा जुलै-ऑगस्टमध्ये आणि नेमके तेव्हा आपले मुहूर्त नाहीत. मग मे-जूनचे शनिवार धरायला सगळे तुटून पडतात. काढीव मुहूर्त चालत असेल तर ऑगस्ट घ्या. एखादा ऑगस्टमधला गुरुवार मिळाला तर केटरर आणि तंबूवाला दोघेही भावात ऐकतात. चालत नसेल तर आजच गुरुजींना विचारून जूनची तारीख धरा. त्या तारखेची बाग घरचीच आहे, पण तंबूवाला घरचा नाही.

आता कागदपत्रांकडे. इथे चूक परवडत नाही, कारण इंग्लंडमध्ये लग्न करणार असल्याची आधी द्यायची नोटीसही जागेला बांधलेली आहे. नोटिशीआधी दोघांनीही आपापल्या नोंदणी भागात किमान सात दिवस राहिलेलं असावं लागतं. तुमची मुलगी वर्क व्हिसावर आहे, म्हणून दोघांना नेमून दिलेल्या रजिस्टर ऑफिसात एकत्र जाऊन नोटीस द्यावी लागेल. मग २८ दिवस थांबायचं. गृहखात्याने चौकशीला घेतलं तर ७० दिवस. तुम्ही ७०च धरून चाला. नोटिशीत लग्न कुठे होणार त्या जागेचं नाव लिहावं लागतं आणि नोटीस वर्षभर चालते. मधेच हॉटेल बंद पडलं किंवा तुम्हीच जागा बदललीत, की नवी नोटीस, नवे पैसे आणि पुन्हा तेवढेच दिवस. एका कुटुंबाचं हॉटेल लग्नाच्या जेमतेम महिनाभर आधी दिवाळखोरीत गेलं. दुसरा हॉल दोन दिवसांत मिळाला, पण कायद्याचं लग्न त्या हॉलमध्ये होऊच शकलं नाही, ते नंतर वेगळं करावं लागलं. म्हणून मी रजिस्टर ऑफिसच सुचवते. ते दिवाळखोरीत जात नाही.

रजिस्टर ऑफिसातलं लग्न बागेतल्या लग्नाच्या आधी करा, नंतर कधीही नको. नंतर करू म्हणून राहून गेलेली लग्नं आमच्याकडे सगळ्या समाजांत आहेत. १९९८ मध्ये साउथॉलच्या एका रेस्टॉरंटमध्ये एका जोडप्याचा निकाह झाला. नोंदणीचं लग्न पुढे करायचं ठरलं होतं, ते झालंच नाही. अठराएक वर्षांच्या संसारानंतर प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२० मध्ये कोर्ट ऑफ अपीलने सांगितलं की कायद्याच्या लेखी लग्न लागलेलंच नाही, रद्दबातल ठरवण्याइतकंही नाही. घटस्फोटात बायकोला जे हक्क मिळतात त्यांचा प्रश्नच उद्भवला नाही. मुलीकडच्यांनी हे प्रकरण नीट लक्षात ठेवावं.

स्कॉटलंडचं जावई म्हणतो ते चुकीचं नाही. तिथे कायदा लग्न लावणाऱ्याला धरून आहे, जागेला नाही. इंग्लंडचा नवा कायदा होईल तो साधारण तसाच दिसेल. तळ्याकाठी, किल्ल्यात, डोंगरावर, कुठेही लग्न लागतं. तिथल्या रजिस्ट्रारकडे अर्ज किमान २९ दिवस आधी पोचावा लागतो आणि मुलीच्या व्हिसामुळे तिथेही मुदत लांबू शकते. पण त्याला बाग आपल्या आईवडिलांची हवी आहे ना? ती समरसेटमध्ये आहे. पाहुण्यांना एडिंबरोपर्यंत न्यायचं तर मुळात जागेचा हट्टच सोडल्यासारखं झालं.

गोव्याचं काकांना समजावून सांगा. जावई हिंदू नाही, त्यामुळे हिंदू विवाह कायदा लागू होत नाही. महाराष्ट्रात स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली करायचं तर दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात तीस दिवस राहायचं, मग नोटीस, मग पुन्हा तीस दिवस हरकतींसाठी. त्या कायद्यात विवाह अधिकाऱ्याला जास्तीची फी देऊन वाजवी अंतरावर दुसरीकडे बोलावता येतं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. गोव्यात नोंदणीची पद्धत आणखी वेगळी, सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन वेळा सह्या, मधे काही दिवस. नोकरी करणाऱ्या मुलीला एवढी रजा कोण देणार? बीचवर विधी जरूर करा, ते सुंदर होतील, पण कायद्याचं लग्न इंग्लंडमध्येच करून घ्या. आणि एकदा ते झालं की भारतात कुठल्याही फॉर्मवर ‘अविवाहित’ लिहून दुसऱ्यांदा लग्न लावायच्या फंदात पडू नका. व्हिसाच्या अर्जात हे दोन कागद समोरासमोर आले की उत्तरं देता देता नाकी नऊ येतात.

तर या आठवड्यात करायची कामं दोन. मुलीला सांगा, नोटिशीसाठी रजिस्टर ऑफिसची भेटीची वेळ घे. त्या वेळा आठवडेच्या आठवडे आधी भरतात. आणि तंबूवाल्याकडून होमाबद्दल लेखी घ्या. अक्षता बागेत तांदळाच्याच वापरा, कुणी काही म्हणणार नाही. हॉटेलात मात्र गालिचा साफ करायचे पैसे लावतात.